पिट्यूटरीच्या गाठी आणि सेल सिग्नलिंग: या विषयात पीएचडीला येणाऱ्यांसाठी चार गोष्टी

सायक्लिक एएमपीचं, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या रेणूचं, चित्र एमएस्सीला आपण सगळ्यांनीच काढलेलं असतं. वर रिसेप्टर, खाली जी-प्रोटीन, मग सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम ॲडेनिलेट सायक्लेज, त्याखाली सायक्लिक एएमपी, त्यानं चालू होणारं एन्झाइम पीकेए, आणि शेवटी केंद्रकात बसून जनुकं चालू करणारा क्रेब. आमच्याकडे मुलाखतीला येणारी मुलं हे चित्र डोळे मिटून काढतात. मग मी विचारते, "या पेशीत सायक्लिक एएमपी वाढलं, तर हार्मोन जास्त सुटेल की पेशी जास्त वाढतील?" बहुतेक जण म्हणतात, दोन्ही. मग मी विचारते, "कशावरून?" तिथे गाडी थांबते.

पिट्यूटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतल्या, हार्मोन सोडणाऱ्या गाठींवर काम करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून हे डोक्यात पक्कं बसवा: हार्मोन किती सुटतं हा एक प्रश्न आहे आणि गाठ केवढी होते हा दुसरा. दोन्हींच्या वाटा मध्येमध्ये एकत्र येतात, पण त्या एक नाहीत. या विषयातले निम्मे गोंधळ, आणि रिव्ह्यूअरच्या निम्म्या शिव्या, या दोन गोष्टी एकात मिसळल्यामुळे होतात.

रुग्णांकडे पाहिलं तर हे लगेच पटतं. कुशिंग रोगात पिट्यूटरीतली गाठ अनेकदा काही मिलिमीटरची असते, कधी एमआरआयवर दिसतही नाही. पण तिच्यातून सुटणाऱ्या एसीटीएचमुळे (कॉर्टिसॉल वाढवणारं हार्मोन) रुग्णाचा रक्तदाब, साखर, हाडं, स्नायू सगळ्यांची वाट लागलेली असते. उलट, हार्मोन न सोडणाऱ्या गाठी तीन-चार सेंटिमीटरच्या होतात आणि रुग्ण येतो तो नजर अधू झाली म्हणून, कारण गाठ वर सरकून डोळ्यांच्या नसांवर दाबते. प्रोलॅक्टिनच्या, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनच्या, गाठींत मात्र आकार आणि रक्तातली पातळी साधारण बरोबरीनं चालतात. एकाच ग्रंथीतल्या तीन गाठींच्या तीन तऱ्हा. आणि ग्रंथी केवढी? वाटाण्याएवढी, जेमतेम अर्धा ग्रॅम.

आता ग्रोथ हार्मोनच्या गाठींची गोष्ट सांगते. सिग्नलिंग शिकायला याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

1987 मध्ये वालार, स्पाडा आणि जान्नात्तासियो या इटालियन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की ग्रोथ हार्मोन सोडणाऱ्या काही गाठींमध्ये ॲडेनिलेट सायक्लेज कायम चालू असतं. बाहेरून जीएचआरएच (ग्रोथ हार्मोन सोडायचा निरोप देणारं हार्मोन) येवो न येवो, त्याला फरक पडत नाही. दोनच वर्षांनी, 1989 मध्ये, कारण सापडलं: ॲडेनिलेट सायक्लेज चालू करणाऱ्या जी-एस-अल्फा या प्रोटीनच्या जनुकात, म्हणजे जीनास मध्ये, एका अक्षराचा बदल. हा बदल दोनच ठिकाणी होतो, 201 क्रमांकाच्या आर्जिनिनवर किंवा 227 क्रमांकाच्या ग्लुटामिनवर. जी-एस-अल्फा चालू होतं तेव्हा त्याला जीटीपी चिकटलेलं असतं आणि ते स्वतःच जीटीपी तोडून स्वतःला बंद करतं. या दोन जागा त्या तोडण्याच्या कामाच्या आहेत. त्या बिघडल्या की बंद होणंच बंद. ग्रोथ हार्मोनच्या साधारण 40 टक्के गाठींत हा बदल सापडतो. जुन्या पेपरांत त्याला जीएसपी म्हणतात. शोधताना दोन्ही नावं टाका.

इथे एक गंमत. कॉलराचं विष आतड्याच्या पेशीत जाऊन नेमक्या याच 201 च्या आर्जिनिनवर एक रासायनिक शेपूट चिकटवतं आणि जी-एस-अल्फा चालूच ठेवतं. म्हणून पेशीतून पाणी वाहत राहतं. हे विष असतं हे 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवलं होतं. एकाच अमिनो आम्लावर एका ठिकाणी जुलाब, दुसऱ्या ठिकाणी ॲक्रोमेगाली, म्हणजे जास्त ग्रोथ हार्मोननं हातपाय मोठे होण्याचा रोग. हे व्हायव्हात सांगा, परीक्षक खूश होतात.

तर आता अपेक्षा काय? ज्या गाठीत जी-एस-अल्फा कायम चालू, ती सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत वाईट असायला हवी. तसं होत नाही. जीएसपी असलेल्या गाठी बिनजीएसपीच्या गाठींपेक्षा मोठ्या असतात असं दिसत नाही, काही मालिकांमध्ये तर त्या लहानच निघाल्या. ऑक्ट्रिओटाइड या सोमॅटोस्टॅटिनसारख्या औषधालाही त्या बऱ्यापैकी दाद देतात. याचं एक उत्तर असं की सायक्लिक एएमपी तोडणारी फॉस्फोडायएस्टरेज एन्झाइम्स या पेशींत वाढलेली असतात. टाकीचा नळ उघडा राहिला म्हणून कुणीतरी खालची मोरी मोठी केली, तसं. टाकीतली पातळी फार चढत नाही, पण नळ बंद झालेला नसतो.

आता हे प्रयोगाच्या टेबलावर आणा. सायक्लिक एएमपी मोजायच्या जवळजवळ प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं: पेशींना आयबीएमएक्स द्या. आयबीएमएक्स म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज थांबवणारं रसायन. ते दिलं की सायक्लिक एएमपी तुटत नाही, आकडे मोठे येतात, किट बनवणाऱ्यालाही बरं वाटतं. पण तुमच्या गाठीची खरी तब्येतच जर त्या मोरीवर अवलंबून असेल, तर आयबीएमएक्स घालून तुम्ही मोरी बुजवली आणि मग पातळी मोजली. म्हणजे तुम्ही फक्त नळ मोजला. कधीकधी तेच हवं असतं. पण मग तसं लिहा. माझ्या मते या कामात आयबीएमएक्ससह आणि आयबीएमएक्सशिवाय असे दोन्ही रांगांचे प्लेट लावल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये. प्लेट दुप्पट लागतात, किट महाग असतं, गाईड कुरकुर करतात. करू द्या.

जीनासची आणखी एक खोड ओझरती सांगते: पिट्यूटरीत हे जनुक मुख्यतः आईकडून आलेल्या प्रतीवरून वाचलं जातं. त्यामुळे गाठींतला बदल जवळजवळ नेहमी आईकडच्या प्रतीवर सापडतो. इम्प्रिंटिंग पाठ्यपुस्तकात कंटाळवाणं वाटतं. इथे ते रुग्णाच्या गाठीत दिसतं.

पेशींकडे वळू, कारण नवीन मुलांची पहिले सहा महिने खरी झटापट यांच्याशीच असते.

हार्मोन सोडणारी, वर्षानुवर्षं वाढणारी, सगळ्यांना मान्य अशी मानवी पिट्यूटरी सेल लाइन नाही. आपण सगळे उंदीर-घुशींवर जगतो. जीएच-थ्री ही रॅटची लाइन, ग्रोथ हार्मोन आणि प्रोलॅक्टिन दोन्ही सोडते. एमएमक्यू हीसुद्धा रॅटची, फक्त प्रोलॅक्टिन सोडणारी. एटीटी-ट्वेंटी ही माऊसची, एसीटीएच सोडणारी, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर दबणारी.

जीएच-थ्रीला साधं दहा टक्के एफबीएस (वासराचा सीरम) चालवून घेऊ नका. तिचं नेहमीचं खाणं म्हणजे एफ-12के या मीडियामध्ये 15 टक्के घोड्याचा सीरम आणि 2.5 टक्के एफबीएस. ही पेशी प्लेटला घट्ट चिकटत नाही, गुच्छ करून बसते, आणि मीडिया बदलताना पिपेटची धार जोरात पडली तर अर्धी बशी सिंकमध्ये जाते. मग एमटीटीमध्ये (जिवंत पेशी मोजायची चाचणी) औषधाचा "परिणाम" दिसतो, तो खरं तर तुमच्या हाताचा असतो. बशी तिरकी धरायची, कडेला पिपेट टेकवायची, आणि काढलेला मीडिया लगेच फेकायचा नाही. तो हलका सेंट्रिफ्यूज करून खाली काही बसतंय का बघायचं.

त्याहून मोठा सापळा रिसेप्टरचा आहे. कॅबर्गोलिन आणि ब्रोमोक्रिप्टिन डोपामिनच्या डी-टू रिसेप्टरवर चालतात. डी-टू जी-आय या, ॲडेनिलेट सायक्लेज अडवणाऱ्या, प्रोटीनला जोडलेला असतो, म्हणून सायक्लिक एएमपी खाली येतं, प्रोलॅक्टिन कमी होतं. पण जीएच-थ्रीमध्ये कामाचा डी-टू रिसेप्टर नसतो! तरी दरवर्षी कुणीतरी जीएच-थ्रीवर कॅबर्गोलिन भरपूर मात्रेत ओततं, पेशी मरतात, आणि "औषध काम करतं" असं पोस्टर लागतं. तेवढ्या मात्रेत पेशी कशानेही मरतील. डोपामिनचा प्रश्न विचारायचा असेल तर एमएमक्यू घ्या, किंवा जीएच-थ्रीत डी-टू बाहेरून घालून घ्या. टीआरएच हे हार्मोन मात्र जीएच-थ्रीला कळतं, आणि तिथे जी-क्यू, कॅल्शियम, पीकेसी हा सायक्लिक एएमपीहून वेगळा रस्ता सुरेख दिसतो. म्हणजे लाइन वाईट नाही, तिला तिचाच प्रश्न विचारायला हवा. कुठलीही लाइन हातात आली की आधी रिसेप्टर आहे का ते क्यूपीसीआरवर, म्हणजे त्याचा आरएनए मोजून, बघा, आणि मग त्या रिसेप्टरचं औषध देऊन सायक्लिक एएमपी किंवा कॅल्शियम हलतं का ते बघा. आरएनए आहे म्हणजे रिसेप्टर काम करतो असं नाही.

हार्मोन मोजण्याचीही एक गोची आहे. सीरममध्ये स्वतःचे हार्मोन असतात, म्हणून सुटलेलं हार्मोन मोजायच्या तासांत सीरम काढून थोडा बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रोटीन) असलेला मीडिया द्या. रॅटच्या पेशींसाठी रॅटचाच एलायझा घ्या. दवाखान्यातला मानवी ग्रोथ हार्मोनचा किट फुकट मिळतोय म्हणून वापरू नका. आणि मोजलेलं हार्मोन नेहमी पेशींच्या संख्येनं किंवा डीएनएनं भागा. बशीत निम्म्याच पेशी उरल्या तर हार्मोन निम्मं होणारच, त्यात सिग्नलिंग कुठे आलं? माझा पहिला मुद्दा इथेच पुन्हा येतो. पेशी मोजल्याशिवाय हार्मोन मोजू नका आणि हार्मोन मोजल्याशिवाय पेशी मोजू नका.

मानवी गाठीचं काम वेगळंच. नाकातून ऑपरेशन होतं, न्यूरोसर्जन गाठ खरवडून काढतात, आणि जे हाती येतं ते तांदळाच्या दाण्याएवढे मऊ, राखाडी-गुलाबी तुकडे. बरीच गाठ सक्शनमध्ये गेलेली असते. पहिला हक्क पॅथॉलॉजीचा, रुग्णाचं निदान आधी. उरलेल्यातलं तुमचं. तुम्ही थंड मीडियाची नळी घेऊन थिएटरच्या बाहेर बसलेले असता, सिस्टर दार उघडून विचारतात, "सॅम्पलवाले कोण?", आणि नळी हातात पडल्यावर आधी बघायचं ते हे की आत मीडियाच आहे ना. फॉर्मेलिनच्या आणि मीडियाच्या नळ्या शेजारी ठेवल्या की अदलाबदल होते. झाकणावर रंगीत टेप लावा, आणि सिस्टरशी ओळख ठेवा. चहा पाजा. हे मी गमतीनं म्हणत नाही. माझ्या पाहण्यात ज्या मुलांची थिएटरमध्ये ओळख होती त्यांनाच नमुने मिळाले.

घरी, म्हणजे लॅबमध्ये, आणल्यावर तुकडे कोलॅजिनेजमध्ये घालून पेशी सुट्या करायच्या. या पेशी फारशा विभागत नाहीत. बहुतेक गाठींत केआय-67, म्हणजे विभागणाऱ्या पेशींची खूण, तीन टक्क्यांच्याही खाली असतं. विभागतात ते फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतकाच्या पेशी. आठवड्या-दोन आठवड्यांनी बशी सुंदर भरलेली दिसते आणि नवीन मुलगा खूश होऊन फोटो पाठवतो. लांबट, ओळीनं लागलेल्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. पिट्यूटरीच्या पेशी गोल, गुच्छातल्या असतात आणि त्या जवळजवळ तेवढ्याच राहतात. म्हणून खरे प्रयोग पहिल्या काही दिवसांत उरकायचे, आणि त्याच दिवशी मीडियातलं हार्मोन मोजून ठेवायचं. हार्मोन सुटत असेल तर तुमच्याकडे गाठ आहे. नसेल तर नुसतं भरलेलं भांडं.

वेस्टर्न ब्लॉटबद्दल (अँटिबॉडीनं प्रोटीनची पट्टी दाखवणारी चाचणी) सगळे बोलतात, म्हणून मी थोडंच बोलते, पण या विषयापुरतं. फॉस्फो-क्रेबची, म्हणजे फॉस्फेट लागून चालू झालेल्या क्रेबची, पट्टी 43 किलोडाल्टनच्या आसपास येते आणि तिच्या खाली आणखी एक पट्टी दिसते. ती बहुतेक वेळा तुटलेला क्रेब नसतो. तो क्रेबचाच भाऊबंद एटीएफ-1 असतो, कारण सेरीन-133 च्या भोवतालचा तुकडा दोघांत सारखा असल्यानं अँटिबॉडी दोघांना पकडते. ब्लॉकिंगला दूध वापरू नका, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, बीएसए घ्या. फॉस्फेटेज इन्हिबिटर लायसिस बफरमध्ये ऐन वेळी घाला. आणि नुसता मीडिया बदलला तरी फॉस्फो-ईआरके, म्हणजे वाढीचा निरोप नेणारं चालू झालेलं एन्झाइम, वर जातं. त्यामुळे "औषध न दिलेल्या" बशीचाही मीडिया तितक्याच वेळा, तसाच बदला. फोर्स्कोलिन दिलेली एक बशी प्रत्येक वेळी ठेवा. फोर्स्कोलिन थेट ॲडेनिलेट सायक्लेजवर चालतं. तिथेही फॉस्फो-क्रेब दिसला नाही तर त्या दिवशीच्या ब्लॉटवर चर्चाच नको.

एक इशारा: सगळं सायक्लिक एएमपीच आहे असं समजून येऊ नका. 2015 मध्ये कुशिंगच्या गाठींत यूएसपी-8 या जनुकातले बदल सापडले, आणि ती गोष्ट अगदी वेगळ्या रस्त्यानं जाते. यूएसपी-8 हे प्रोटीनवरची युबिक्विटिनची खूण काढून टाकणारं एन्झाइम. एरवी 14-3-3 नावाचं प्रोटीन त्याला धरून ठेवतं. बदल झाला की ती पकड सुटते, एन्झाइम जास्त काम करतं, वाढीचा निरोप घेणारा ईजीएफ रिसेप्टर कचऱ्यात न जाता पेशीच्या पृष्ठभागावर परततो, आणि एसीटीएचचं मूळ जनुक पोमक जास्त चालतं. या गाठी स्त्रियांमध्ये जास्त सापडतात. इथेही बदल हार्मोनकडे ठळक बोट दाखवतो. आकाराकडे तेवढं नाही. पीएचडीचा विषय शोधत असाल तर या दोन वाटांच्या मधली जागा अजून बरीच मोकळी आहे.

औषधांकडे याच चष्म्यातून बघा. प्रोलॅक्टिनच्या गाठीला कॅबर्गोलिन दिलं की गाठ आक्रसते, पण सुरुवातीचं आक्रसणं मुख्यतः प्रत्येक पेशी लहान झाल्यामुळे असतं. हार्मोन बनवायचं यंत्र आवरलं की पेशीचं पोट आत जातं. म्हणूनच औषध बंद केल्यावर गाठ अनेकदा परत वाढते. सोमॅटोस्टॅटिनसारखी औषधं एसएसटीआर-2 या रिसेप्टरवरून सायक्लिक एएमपी आणि कॅल्शियम खाली आणून हार्मोन अडवतात, आणि वेगळ्या फांदीनं, फॉस्फेटेजमार्फत, वाढीलाही थोडा लगाम घालतात. एकाच रिसेप्टरच्या दोन फांद्या. रुग्णात एक फांदी चालली आणि दुसरी नाही, असंही होतं.

म्हणून लॅबमधल्या मुलांनीसुद्धा महिन्यातून एकदा तरी एंडोक्रिनॉलॉजीच्या ओपीडीत बसावं. ॲक्रोमेगालीचा रुग्ण सांगतो की लग्नातली अंगठी आता बोटात जात नाही, चपलेचा नंबर वाढतच चाललाय, बायको म्हणते घोरणं वाढलंय. आणि हे सगळं निदान होण्याआधी कित्येक वर्षं चालू असतं. तिथेच प्रोलॅक्टिनचा हूक इफेक्ट कळतो: गाठ प्रचंड आणि रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन किरकोळ वाढलेलं. प्रोलॅक्टिन इतकं जास्त असतं की किटच्या अँटिबॉडी गांगरतात. नमुना शंभरपट पातळ करून मोजला की खरा आकडा येतो. हे तुमच्या एलायझालाही लागू आहे. मीडियाचे आकडे संशयास्पद कमी आले तर पातळ करून पुन्हा लावा.

प्रवेशाचं थोडक्यात. लाइफ सायन्सेस, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी, बायोटेक कशातूनही येता येतं. सीएसआयआर-यूजीसी नेटचं जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) असेल तर लॅब निवडायची मोकळीक मिळते. 2023 पासून जेआरएफ महिन्याला 37,000 रुपये आहे, वर घरभाडं. परळमध्ये तेवढ्यात राहणं अवघड, कल्याण-डोंबिवलीहून लोकल हाच मार्ग. लॅब निवडताना नावापेक्षा हॉस्पिटल किती जवळ आहे ते बघा. परळला केईएमचा एंडोक्रिनॉलॉजी विभाग आणि आयसीएमआरची प्रजनन आरोग्याची संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. चंदीगडचं पीजीआय, दिल्लीचं एम्स, वेल्लोरचं सीएमसी इथेही रुग्ण आणि सर्जन एकाच छपराखाली मिळतात. सेल लाइनसाठी पुण्याच्या एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) भांडार आधी बघा. आणि लाइन कुठूनही आली तरी मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणारे जिवाणू) तपासणी करूनच वापरा.

गाईडला हे प्रश्न विचारायला लाजू नका: वर्षाला गाठीचे किती नमुने मिळतात? एथिक्सची परवानगी कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपते? संमतीपत्र मराठी-हिंदीत आहे का? उणे 80 च्या फ्रीजला जनरेटर आहे का? मी ऐकलेल्या एका लॅबमध्ये या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पावसाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी मिळालं, आणि एका मुलीची दोन वर्षं त्यात गेली.

वाचताना लक्षात ठेवा की 2022 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात या गाठींना ॲडेनोमाऐवजी पिटनेट म्हटलंय. फक्त नवीन नावानं शोधलं तर 1987 पासूनचं सगळं निसटेल.

आणि पहिल्या महिन्यात हात बसवायला एक सोपं, स्वस्त काम करा. लॅबमधल्या जुन्या ग्रोथ हार्मोन गाठींचं डीएनए काढा, जीनासच्या आठव्या आणि नवव्या एक्झॉनचं पीसीआर करून सँगर सीक्वेन्सिंगला पाठवा. 201 आठव्यात येतो, 227 नवव्यात. रक्ताचं डीएनए घेऊ नका. बदल फक्त गाठीत असतो, रक्तात सगळं नॉर्मल दिसेल. क्रोमॅटोग्राम स्वतः उघडून बघा, कंपनीनं पाठवलेल्या नुसत्या अक्षरांवर जाऊ नका, कारण सामान्य पेशींची भेसळ असली की बदललेलं शिखर बुटकं असतं आणि सॉफ्टवेअर ते गाळून टाकतं. मग प्रत्येक नमुन्यापुढे तीन रकाने करा: जीनास आहे की नाही, ऑपरेशनआधीचा आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनमुळे रक्तात वाढणारं हार्मोन), आणि एमआरआयवरचा आकार.